वाचकांचे प्रश्न : विद्यापीठातील माहिती तंत्रज्ञान प्रमुखाची वाट

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील एका विद्यापीठात नेटवर्क अभियंता आहे. पुढे तिला तेथील माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुखपद मिळवायचे आहे. त्यासाठी तिने आणखी तांत्रिक प्रमाणपत्रे घ्यावीत, असे मला वाटते. ती मात्र सार्वजनिक प्रशासनातील पदव्युत्तर पदवी घ्यायची म्हणते. तिचा विचार योग्य आहे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण माझे मत मुलीच्या बाजूने पडते. डग्लस व्हॅन हाउवेलिंग यांची वाटचाल पाहिली, तर त्याचे कारण ध्यानात येईल. त्यांची पीएच.डी. इंडियाना विद्यापीठाची, आणि तीही संगणकशास्त्रात नव्हे, तर शासनव्यवस्था या विषयात. कॉर्नेल आणि कार्नेगी मेलन येथे संगणकविषयक जबाबदाऱ्या सांभाळून ते १९८४ मध्ये मिशिगन विद्यापीठात माहिती तंत्रज्ञानाचे व्हाइस प्रोव्होस्ट, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख प्रशासक, झाले.

त्या काळी अमेरिकेतील महासंगणक केंद्रांना जोडणारे एनएसएफनेट हे सरकारी पैशावर चालणारे संगणकजाळे सेकंदाला अवघ्या ५६ किलोबिट वेगाच्या वाहिन्यांवर चालत होते आणि वाढत्या वापराने पार तुंबले होते. ते नव्याने उभारण्याचे काम १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये 'मेरिट' या संस्थेला मिळाले; तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष व्हॅन हाउवेलिंगच होते. मिशिगनमधील विद्यापीठांनी आपापले संगणक एकमेकांना जोडण्यासाठी १९६६ मध्येच ही संस्था काढली होती. राउटिंगची, म्हणजे माहितीला वाट दाखवणारी, यंत्रणा आयबीएमची, वाहिन्या एमसीआय या दूरसंचार कंपनीच्या, शिवाय राज्य सरकारचा पैसा. १९८८ च्या जुलैत १.५ मेगाबिटच्या वाहिन्यांवर १३ ठिकाणे जोडली गेली, ती ही मोट बांधता आली म्हणूनच. पुढे या जाळ्यावरून व्यापारी वाहतूक होऊ द्यावी की नाही, यावरून मोठा वाद पेटला. तो काही राउटरच्या सेटिंगमध्ये सुटणारा नव्हता. १९९७ मध्ये व्हॅन हाउवेलिंग विद्यापीठांच्या 'इंटरनेट२' या संघटनेचे प्रमुख झाले, तेव्हाही अनेक विद्यापीठांना एका मताने चालवणे हेच काम त्यांच्या वाट्याला आले.

विद्यापीठात प्रत्येक विभागाला आपला सर्व्हर म्हणजे आपल्या घरची चूल वाटते. ती मोडून सामाईक स्वयंपाकघर करायचे म्हटले की ज्येष्ठ प्राध्यापक हमखास विचारतात, "आमचे काम रात्री अडले, तर फोन कोण उचलणार?" याचे उत्तर मनुष्यबळ आणि पैसा यांच्या हिशेबासह ज्याला देता येते, त्याचेच नाव पुढे या पदासाठी निघते. प्रमाणपत्रे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. यंत्रणेची जाण नसलेल्या प्रमुखाला विक्रेते सहज गुंडाळतात. मुलीकडे ती जाण आहेच. पदवीचे शुल्क भरण्यापूर्वी मात्र तिने आपल्या वरिष्ठांकडे एक काम मागून घ्यावे : एखाद्या सॉफ्टवेअर कराराच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव स्वतः लिहावा आणि तो वित्त विभागापुढे स्वतःच मांडावा. त्या बैठकीत तिला रस वाटला, तर पदवीला खुशाल प्रवेश घ्यावा.