क्लच जड झाला म्हणून गिअरबॉक्स बदलायचा का?

कापूस निघू लागला की क्लचचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी जवळपास सगळेच ऑटोमॅटिकबद्दल विचारत आहेत.

प्रश्न : पिकअपवर कापूस वाहतो. हंगामात जिनिंगच्या गेटसमोर तासन् तास गाडी हात-हात पुढे सरकवावी लागते. डावा गुडघा पार गेला. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, भंगारातल्या एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून देतो. बसवू काय भाऊ? (वणी)

उत्तर : नका बसवू. मिस्त्री खोटं बोलत नसेल, पण गिअरबॉक्स म्हणजे लोखंडाचा एक डबा एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर असावं. ऑटोमॅटिकमध्ये डबा हे अर्धंच काम. दुसऱ्या इंजिनाच्या बेल हाउसिंगची (डब्याला इंजिनाशी जोडणारं तोंड) भोकं तुमच्या इंजिनाला जुळत नाहीत. मग मध्ये ॲडॉप्टर प्लेट कातून घ्या. ती जराशी तिरपी बसली तरी तेलपंपाचं सील जातं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, काढून तिथे पातळ फ्लेक्स प्लेट आणि टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा) लावा. लांबी बदलली म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करा, क्रॉस मेंबर सरकवा, तेलासाठी वेगळा कूलर बसवा. एवढं जमलं तरी गिअर कधी बदलायचा हे ठरवणाऱ्या कंट्रोलरला इंजिनच्या ईसीयूकडून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडून, खुणा लागतात. त्या मिळाल्या नाहीत तर गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते, आणि तेव्हा मिस्त्री फोन उचलत नाही.

दुसरी गोष्ट ओझ्याची. तो गिअरबॉक्स सहा-सात माणसं वाहण्याच्या हिशोबाने बनलेला. तुम्ही मागे दीड टन घालता, आणि कापूस असला की वर आणखी किती चढतो हे आपण दोघंही जाणतो. कन्व्हर्टर घसरतो तेव्हा इंजिनची ताकद तेलाच्या उष्णतेत जाते. ते तेल १२० अंशांच्या वर राहू लागलं की जळकं, काळपट होतं आणि आतल्या प्लेटा खातं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात.

आता गुडघा. पिकअपचा क्लच मुळात एवढा जड नसतो. क्लच प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची बोटं वेगळ्या कोनात येतात आणि पेडल जड होत जातं. हे महिन्यामहिन्याने होतं म्हणून लक्षात येत नाही. आधी केबल बघा : कोरडी पडली असेल, आत तारा तुटल्या असतील. मग क्लच ढकलणाऱ्या फोर्कचा पिव्हट, म्हणजे तो ज्यावर हलतो तो टेकू. गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, फ्लायव्हीलला चरे पडले असतील तर लेथवर साफ करून घ्या. एकटी प्लेट बदलून पैसे वाचवणारे पुढच्या हंगामात पुन्हा येतात. रांगेत हात-हात सरकू नका; न्यूट्रलमध्ये थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

प्रश्न : आरसीवर गिअरबॉक्स कुठे लिहिलेला असतो? बदलला तर कोणाला कळणार? (गोंदिया)

उत्तर : अपघात झाला की विमा कंपनीच्या सर्व्हेअरला कळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. गिअरबॉक्स लिहिलेला नसला तरी रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, आणि डबा बदलला की तेही बदलतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी. दरवर्षी लपवत बसाल काय?

प्रश्न : माझ्या भावाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. संत्र्याच्या बागेसाठी घरची पिकअप आहे. तो पुन्हा चालवू शकेल का? (वरुड)

उत्तर : ताई, यासाठी कायद्यात वेगळी सवड आहे. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करून आरटीओची मंजुरी घेता येते. तशा गाडीला ‘अनुकूलित वाहन’ म्हणतात. आणि इथेही गिअरबॉक्स बदलायची गरज नाही. क्लच दाबायचं काम व्हॅक्यूमवर किंवा विजेच्या मोटरवर करणारं किट मिळतं. गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबलं की क्लच आपोआप दाबला जातो, गिअर हातानेच टाकायचा. क्रम मात्र असा ठेवा : आधी आरटीओत जाऊन त्याच्या लायसन्सचं काय होतं ते विचारा, मग मान्यताप्राप्त किट, मग बसवणं.

प्रश्न : वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणीतले मोठे डंपर ऑटोमॅटिक असतात. मग आमच्या टिप्परने काय पाप केलं? (चंद्रपूर)

उत्तर : ते डंपर पहिल्या दिवसापासून ऑटोमॅटिक म्हणूनच बनतात : कन्व्हर्टर, कूलर, रिटार्डर (उतारावर वेग धरून ठेवणारा जोड-ब्रेक) सगळं एकमेकांच्या मापाचं, आणि तेल चाललेल्या तासांवर बदललं जातं. टिप्पर ऑटोमॅटिकच हवा असेल तर नवा घेताना कंपनीकडूनच तसा मागवा. पण एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) आणि कन्व्हर्टर यांतला फरक विचारून घ्या. एएमटीत गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच, फक्त पायाऐवजी मशीन क्लच दाबतं. म्हणजे रांगेत रांगणाऱ्या गाडीचा क्लच त्यातही झिजतोच. चिखलात, चढावर, रांगत्या कामात कन्व्हर्टर सरस. सडकेवरच्या लांब फेऱ्यांना एएमटी पुरते आणि डिझेलही कमी खाते. माझं मत विचाराल तर कोळशाच्या खड्ड्यात एएमटी घेऊ नका.

प्रश्न : नवीन एएमटी ट्रक आहे. चिखलदऱ्याच्या उतारावर ड्रायव्हर न्यूट्रल करतो, म्हणतो डिझेल वाचते. (परतवाडा)

उत्तर : उलट आहे. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की आजची इंजिनं डिझेल बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगचं जळत राहतं. शिवाय इंजिनचा धर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उतारापूर्वीच मॅन्युअल मोडला टाकून खालचा गिअर धरायला सांगा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) चालू ठेवायला सांगा. आणि हे कळलं की तो लगेच पुढचं विचारेल, म्हणून सांगून ठेवतो : बॅटरी पार उतरली तर ही गाडी धक्का मारून चालू होणार नाही. जंपर केबल गाडीतच ठेवा.