रीसेट दाबण्याआधी

प्रिय मित्रा,

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी झालेली नेमणूक कळली. पावसाळ्याआधी रुजू व्हायला मिळतंय हे बरं झालं. साताऱ्याच्या पठारांवर खरा वारा जून ते सप्टेंबर, आणि वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटरचा वारा १२ मीटर झाला की ऊर्जा आठपट. त्यामुळे फेब्रुवारीत मशीन एक दिवस बंद राहणं आणि जुलैत एक दिवस बंद राहणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. करारात ९७ टक्के उपलब्धता, म्हणजे वर्षातला तेवढा वेळ मशीन चालायला तयार असण्याची हमी असेल, तर उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाचे सुमारे २६३ तास, जवळजवळ अकरा दिवस. ते उन्हाळ्यात सर्व्हिसिंगला गेले तर कुणाला जाणवतही नाही. भर जुलैत गेले तर मालकाचं वर्ष वाया जातं, आणि कागदावर आकडा मात्र ९७ च दिसतो.

या दडपणातच माणूस रीसेट दाबायला शिकतो. अलार्म येऊन मशीन थांबलं की कंट्रोल रूममधून एक क्लिक, मशीन पुन्हा फिरायला लागतं, ८० मीटरचा मनोरा चढायचं वाचतं. पण स्क्रीनवर दिसतं ते लक्षण, कारण नव्हे.

‘गिअर ऑइल तापमान जास्त’ हाच अलार्म घे. दुपारी येतो, रीसेट केला की जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आधी त्याच वाऱ्यात शेजारच्या मशीनचं तेल किती तापलंय ते बघ. शेजारीही तेवढंच असेल तर हवाच तापली आहे. एकाच मशीनचं चढत असेल तर बहुधा कूलरच्या जाळीत धूळ, गवताचं कुसळ आणि किडे तेलात माखून बसलेले असतात. जाळी आतून बाहेर, हवा जाते त्याच्या उलट दिशेनं साफ कर. मग फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, मग तेल तापलं की ते कूलरकडे वळवणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह अडकलाय का, आणि शेवटी सेन्सरची सैल वायर. सेन्सर बदलणं सोपं म्हणून तिथूनच सुरुवात करतात, ती करू नकोस. गरम तेल पातळ होतं, बेअरिंगवरचा तेलाचा थर तुटतो, आणि गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मोठी क्रेन आली. पावसाळ्यात ती घाट चढून पठारावर आणणं किती जिकिरीचं, ते तिथला रस्ता बघूनच कळेल.

पिच बॅटरीचा, म्हणजे पात्यांचा कोन वळवणाऱ्या यंत्रणेच्या राखीव बॅटरीचा अलार्म तर कधीच रीसेटवर भागवू नकोस. पठारावर पावसाळ्यात वीज बाहेर नेणारी ३३ केव्हीची लाइन ट्रिप होतेच, म्हणजे अचानक बंद पडते. त्या क्षणी जनरेटरवरचा भार एकदम जातो, रोटर म्हणजे पात्यांचं चक्र बेफाम वेग घेऊ लागतं, आणि पाती ९० अंशांकडे वळवून ते थांबवायचं ते हबमधल्या, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागातल्या बॅटऱ्यांच्या जोरावर. प्रत्येक पात्याला वेगळा संच यासाठीच असतो, की दोन अडकली तरी एकानं वेग आटोक्यात यावा. उष्णतेनं लेड-ॲसिड बॅटरी लवकर म्हातारी होते आणि नुसतं व्होल्टेज मोजलं तर ती ठणठणीत वाटते. भार देऊन तपास. एक बॅटरी कमजोर निघाली तर पूर्ण संच बदल. जुन्यात एक नवी घातली की ती नवीही लवकर बसते.

लांब बंद राहिलेलं मशीन पावसात तसंच सुरू करू नकोस. ग्रिड नाही म्हणजे हीटर नाहीत, म्हणजे जनरेटरच्या वाइंडिंगवर ओल. आधी मेगर कर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपास, पण त्याआधी जनरेटरची वीज ग्रिडजोगी करणारा कन्व्हर्टर वेगळा करायला विसरू नकोस, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजनं त्यातली इलेक्ट्रॉनिक्स उडेल. स्लिप रिंगच्या, म्हणजे फिरत्या भागाला कार्बन ब्रशनं वीज जोडणाऱ्या कड्यांच्या खोक्यातली कार्बनची काळी भुकटी ओली झाली की विजेला आयती वाट मिळते. ती व्हॅक्यूमनं काढ, फुंकर मारून वाइंडिंगमध्ये ढकलू नकोस.

बोल्टांचं काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच चुकतं. वार्षिक तपासणीत साधारण १० टक्के बोल्ट टॉर्क करतात, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळून बघतात. त्यातला एक जरी फिरला, म्हणजे सैल निघाला, तरी त्या जोडाचे सगळे तपास. तुटलेला सापडला तर दोन्ही बाजूंचे शेजारीही बदल, त्याचा भार त्यांनी वाहिलेला असतो.

आणि काही दोष अलार्म देतच नाहीत. वाऱ्याची दिशा दाखवणारी विंड व्हेन १० अंशांनी चुकीची बसली तर मशीन मुकाट्यानं ४-५ टक्के वीज कमी देत राहतं. महिन्यातून एकदा प्रत्येक मशीनचा पॉवर कर्व्ह, म्हणजे कुठल्या वाऱ्याला किती वीज याचा आलेख, शेजारच्या मशीनशी ताडून बघ.

चढताना दुहेरी लॅनयार्ड (पट्ट्याला जोडलेला सुरक्षा दोर), सोबत दुसरा माणूस आणि वर बचावाचा संच, यात सवलत नाही. रोटर फिरू न देणारं रोटर लॉक पूर्ण बसल्याशिवाय हबमध्ये पाय नको. मॅन्युअलमधली वाऱ्याची मर्यादा ओलांडली असेल तर लॉक असूनही नको. विजेचा गडगडाट ऐकू आला तर हातातलं काम टाकून खाली ये.

लॉगबुकात ‘रीसेट केले, मशीन सुरू’ एवढंच लिहून सही करू नकोस. वारा किती होता, तापमान किती, काय उघडलं, काय सापडलं ते लिही. केंद्रानं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवनचक्क्यांचं नूतनीकरण आणि आयुर्मानवाढ यांचं धोरण आणलं; तुझ्या पठारावरची जुनी मशीनं ठेवायची की उतरवायची हे ठरवायला बसलेला माणूस या नोंदी मागणारच.

मेअखेरपर्यंत प्रत्येक मशीनच्या पिच बॅटऱ्या बसवल्याच्या तारखा काढ आणि मला पाठव. ज्यांची तारीखच सापडणार नाही, ती मशीनं यादीत सगळ्यात वर ठेव.

तुझा,
एक जुना साइटवाला