मुलाला एकट्याला डाएटवर ठेवू नका

वडिलांना ४२व्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष दहा वर्षांच्या मुलाच्या वजनाकडे गेलं. त्याचं ताट वेगळं, गोड बंद, शिवाय जेवताना ‘बाबांसारखं व्हायचंय का?’ हे ऐकून घ्यायचं. थोड्याच दिवसांत दप्तरात बिस्किटांचे पुडे सापडायला लागले. आई विचारत होत्या, ‘‘आणखी कडक वागू का?’’

नाही. समोर बाकीचे खात असताना एकट्यालाच मनाई झाली की मूल लपवून खातं आणि भूक नसतानाही खातं. शिवाय या वयात वजन उतरवायची घाई नको. ते बहुतेक वेळा आहे तिथे टिकलं तरी चालतं, उंची वाढते तसा फरक पडतो.

त्यामुळे आम्ही मुलाला सोडून घराकडे वळलो. फ्रिजमध्ये कोल्ड्रिंक कायम असायचं. ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. मुलांना वरून घातलेली साखर दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत हवी. ते आणणंच थांबलं, सगळ्यांसाठी. ताटं सारखी झाली. जेवणानंतर तिघं वीस मिनिटं भरभर चालू लागले, पण मुलाला रोज तासभर दम लागेल अशी हालचाल लागते, म्हणून संध्याकाळचा खेळ क्लासपायी बुडवायचा नाही असं ठरलं. रात्री तिघांचेही फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. त्याला किमान नऊ तास झोप हवी आणि तो जेमतेम सात तास झोपत होता. सगळ्यात अवघड गेलं ते वडिलांचं गॅलरीतलं सिगारेट ओढणं. तो धूर घरात येतो आणि मुलाच्या रक्तवाहिन्यांनाही इजा करतो, हे कळल्यावर ते व्यसनमुक्तीच्या उपचारांना तयार झाले.

तपासण्या मात्र टाळू नका. वडिलांना ५५च्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलाचं कोलेस्टेरॉल बघायलाच हवं. रक्तदाब मोजताना पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा मागून घ्या. लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. या मुलाचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ११८ आलं, म्हणजे काठावरचं. डॉक्टरांनी वर्षाने पुन्हा तपासायला सांगितलं. तेच १९०च्या वर असतं तर दोष आनुवंशिक असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे सवयींच्या जोडीला बहुधा औषधही लागतं. अशा वेळी बालहृदयरोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.