स्की बोटीच्या सीटची लाकडी चौकट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझी स्की बोट (पाण्यावर स्कीइंग करणाऱ्याला दोरीने ओढणारी मोटरबोट) बरीच जुनी आहे. सीटचे रेक्झिन उसवले तेव्हा चौकटीचा खालचा भाग हाताने चुरा होईल इतका कुजलेला निघाला, वरचा भाग मात्र शाबूत दिसतो. कुजलेला तेवढाच भाग बदलावा की सगळी चौकट नवी करावी? आणि मोडक्या चौकटीवरून मापे कशी घ्यावीत?

उत्तर: शाबूत दिसणारा भाग खरोखर शाबूत आहे की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवू नये. बारीक टोच्या घेऊन तो दर चार बोटांवर लाकडात टोचून पाहावा. चांगल्या प्लायवूडमध्ये टोक जेमतेम शिरते आणि उपसताना अडते. कुजू लागलेल्या लाकडात ते मुकाट्याने आत जाते. जुन्या स्टेपलच्या भोकांभोवती काळसर वर्तुळे दिसली, तर पाणी तिथूनही झिरपले आहे असे समजावे. प्लायवूडच्या कडेतून ओल थराथरांनी वर चढत असल्यामुळे ठिगळ लावलेली चौकट जोडापाशी पुन्हा कुजण्याची शक्यता मोठी असते, म्हणून मी सगळी चौकट नवी करण्याच्या बाजूचा आहे.

जुनी चौकट मात्र काम संपेपर्यंत टाकू नये. सगळे स्टेपल उपसून ती पातळ हार्डबोर्डवर ठेवावी, बाह्यरेषा काढावी आणि कुजून झडलेल्या कडा सरळ पट्टीने पूर्ण कराव्यात. हा फर्मा कापल्यावर आधी बोटीत बसवून पाहावा, लाकडाला करवत नंतर लावावी. डावी आणि उजवी सीट एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतील असे गृहीत धरून एकाच फर्म्यावर दोन्ही कापण्याचा मोह टाळावा, कारण फायबरग्लासचे जुने कवच दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे क्वचितच असते. बोल्टच्या भोकांची जागाही बोटीवरूनच घ्यावी. रेक्झिन कडेवरून वळून मागे दुमडले जाते, तेव्हा दोन्ही बाजूंना साधारण ३ मिमी जागा सोडावी. कडेवरून फोमही वळवायचा असेल तर त्याची जाडी आणखी वजा करावी.

प्रश्न: लाकूड कोणते घ्यावे? रसायन मुरवलेले लाकूड कुजत नाही, तर तेच का वापरू नये?

उत्तर: बैठकीच्या फळीला १२ मिमी आणि बोल्टने बोटीला जखडल्या जाणाऱ्या उभ्या बाजूंना १८ मिमी मरीन प्लायवूड बहुतेक वेळा पुरेसे होते. ‘मरीन’ या शब्दाविषयी मोठा गैरसमज आहे. बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचे प्लायवूड घेतले तर गोंद पाण्यात सुटत नाही आणि आतल्या थरांत पोकळ्या नसतात, एवढी खात्री मिळते. पण ते लाकूडच असते आणि ओले राहिले तर कुजतेच. पोकळी नसणे ही गोष्ट मात्र फार मोलाची आहे, कारण साध्या प्लायवूडमधल्या एका फटीत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट शोधत बसते.

रसायन मुरवलेल्या लाकडाची शिफारस मी करणार नाही. ते बऱ्याचदा ओलसर अवस्थेत विकले जाते, वाळताना पिळवटते, ओले असताना इपॉक्सी (दोन द्रव ठरावीक प्रमाणात मिसळल्यावर कडक होणारा, चिकटवायला आणि पाणी रोखणारा लेप द्यायला वापरायचा पदार्थ) त्याला नीट धरत नाही आणि त्यातले तांबेयुक्त क्षार ॲल्युमिनियमला व साध्या लोखंडी स्क्रूंना खातात.

कोपऱ्यांत प्लायवूडच्या कडेत स्क्रू पिळण्याऐवजी आतून भरीव लाकडाची पट्टी द्यावी, कारण कडेत शिरलेला स्क्रू थर फाकवतो. पट्टी सागाची असेल तर चिकटवण्यापूर्वी ती ॲसिटोनने पुसावी. सागाचे नैसर्गिक तेल जोडाला नडते. क्लॅम्प आवळताना जोर दाखवू नये. इपॉक्सी सगळीच पिळून बाहेर आली तर जोड कोरडाच राहतो.

प्रश्न: इपॉक्सीचा पहिला हात दिल्यावर पृष्ठभागावर असंख्य बुडबुडे उठले. प्रमाण चुकले असेल का?

उत्तर: इपॉक्सी कडक झाली असेल तर प्रमाण बरोबर होते; चुकली ती बहुधा वेळ. सकाळच्या थंड फळीवर हात देऊन ती उन्हात ठेवली, की लाकूड तापते, त्यातली हवा प्रसरण पावते आणि इपॉक्सीतून वाट काढते. मी स्वतः पहिल्या फळीला असेच देवीचे व्रण पाडले होते. उलट करावे: फळी आधी उबदार होऊ द्यावी, सावलीत आणावी आणि ती निवत असताना हात द्यावा, म्हणजे आकसणारी हवा इपॉक्सीला आत ओढून घेते. शिरांची तोंडे जिथे उघडी पडतात त्या कडा तहानलेल्या असतात. त्यांना लागोपाठ दोन-तीन वेळा पाजावे लागते.

पहिला हात चिकटसर असतानाच दुसरा दिला तर घासावे लागत नाही. रात्र उलटून गेली असेल तर पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. तो आधी पाण्याने धुवावा, मगच सँडपेपर मारावा. असे तीन हात पुरेत. हातमोजे मात्र विसरू नयेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही.

प्रश्न: एवढे करून शेवटी रेक्झिन ठोकताना शेकडो स्टेपल मारायचे, मग त्या लेपाचा उपयोग काय?

उत्तर: प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. स्टेपल लेपाला भेदतातच, म्हणून ते फळीच्या खालच्या अंगाला, पाणी साचत नाही अशा जागी असावेत. १२ मिमी फळीला ८ ते १० मिमीचे स्टेनलेस स्टेपल घ्यावेत, म्हणजे दुसऱ्या बाजूने टोक बाहेर येत नाही. पाण्याला यायला बंदी घालता येत नाही, जायला वाट देता येते. बैठकीच्या फळीला २० ते २५ मिमी व्यासाची काही भोके पाडावीत, त्यांच्या आतल्या कडांनाही इपॉक्सी पाजावी, आणि सीटचा तळ रेक्झिनने पूर्ण झाकून टाकू नये. फोम पाणी धरणारा नको.

बोल्ट आणि स्क्रू यांच्या बाबतीत तर भेदलेली भोके पुन्हा बंद करता येतात. ६ मिमीच्या बोल्टसाठी ९ किंवा १० मिमीचे भोक पाडावे, ते दाट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि ती कडक झाल्यावर मधोमध ६ मिमीचे भोक पाडावे. बोल्टला चारी बाजूंनी इपॉक्सीची नळी मिळते आणि लाकडाला पाणी दिसतही नाही. काम कंटाळवाणे आहे, पण वेळ कमी असेल तर तीनापलीकडचा जादा हात सोडून हेच करावे.

प्रश्न: लाकडाऐवजी प्लास्टिकची जाड पाटी वापरली तर?

उत्तर: ती कुजत नाही, हे खरे. पण अशा पाटीचे नेहमीचे प्लास्टिक, म्हणजे एचडीपीई (हाय-डेन्सिटी पॉलिइथिलीन), लाकडापेक्षा जड असते, लांब अंतरावर वाकते, तिला साधा गोंद धरत नाही आणि उन्हाने ती इतकी फुगते की भोके लांबट ठेवावी लागतात. लहान, सपाट बैठकीला चालेल. पाठ टेकायच्या चौकटीला मी लाकूडच घेईन.

प्रश्न: स्कीयरवर लक्ष ठेवणाऱ्याची मागे तोंड असलेली सीट बिजागरीपाशी खिळखिळी होते. स्क्रू कितीही आवळले तरी आठवड्याभरात सैल पडतात.

उत्तर: बोट वेग घेते तेव्हा या सीटवरच्या माणसाला पाठीचा आधार नसतो, तो पुढे, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाकडे, ढकलला जातो आणि तोल सावरायला सीटची कड किंवा पाठ पकडतो. ती ओढ दर वेळी बिजागरीवर येते, आणि लाकडातले स्क्रू अशा हेलकाव्यांनी भोक रुंद करत जातात. स्क्रू काढून आरपार बोल्ट टाकावेत, मागून रुंद वॉशर किंवा शक्य असेल तर स्टेनलेसची पट्टी द्यावी आणि न सुटणारे, नायलॉनच्या कड्याचे नट वापरावेत. भोके वर सांगितल्याप्रमाणे भरून घ्यावीत. सीट इंजिनच्या पेटीला लागून असेल, तर नवी चौकट पेटीच्या हवेच्या वाटा झाकत नाही ना, हे बसवण्यापूर्वी पाहावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते.