धूर सोडण्याआधी वारा मोजा

सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याच्या ३० मीटर चिमणीचा धूर कसा पसरतो, हे तुम्ही १:२०० मॉडेलवर, ६० सेंमी चौकोनी विंड टनेलमध्ये (पंख्याने वारा सोडायच्या बोगद्यात) मोजताय, आणि जमिनीवरची धुराची मापं गॉसियन सूत्राच्या (धूर पसरण्याचा अंदाज देणाऱ्या नेहमीच्या गणिताच्या) जवळपासही येत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. चिमणीत दोष शोधत बसू नका. माझ्या मते घोळ समोरून येणाऱ्या वाऱ्यात आहे.

रिकाम्या टनेलमध्ये वारा वर-खाली जवळजवळ एकाच वेगाने वाहतो. शहरावरचा वारा जमिनीलगत मंद आणि खळबळता, वर जोरकस. तो मुद्दाम घडवावा लागतो. इर्विनच्या (टनेलमध्ये असा वारा घडवायच्या) पद्धतीने ४० सेंमी जाडीचा मंद वाऱ्याचा थर आणि ०.२५ घातांक (उंचीबरोबर वेग किती वाढतो तो आकडा) हवा असेल, तर तोंडाशी साधारण ४९ सेंमी उंचीचे त्रिकोणी स्पायर (उभे सुळके) २५ सेंमी अंतराने लावा. पुढे किमान ३ मीटर छोटे ठोकळे, मगच मॉडेल. टनेलची लांबी तुम्ही दिलेली नाही, त्यामुळे हे बसतं का ते तपासा.

मग मॉडेल उचलून त्याच जागी हॉट-वायरने (तापलेल्या तारेच्या वेगमापकाने) सरासरी वेग आणि टर्ब्युलन्स (वाऱ्याची खळबळ) दोन्ही वेगवेगळ्या उंचीवर मोजा; हाच वाऱ्याचा प्रोफाइल. वेगाचा आलेख जुळतो आणि टर्ब्युलन्स कमी पडतो, हे सर्रास होतं. तसं झालं की धुराचा लोट अरुंद राहतो आणि जमिनीला लांबवर जाऊन टेकतो.

हे तळमळीने सांगतोय, कारण एका चाचणी केंद्राने पूर्ण फी घेऊन आम्हाला नुसते कॉन्सन्ट्रेशनचे (हवेतल्या धुराच्या प्रमाणाचे) तक्ते दिले. प्रोफाइल मागितला, तर "टनेल कॅलिब्रेटेड आहे" एवढंच उत्तर, तेही चार पत्रांनंतर. प्रोफाइल नसलेला अहवाल कशाशीच ताडता येत नाही. सगळं काम नव्याने करावं लागलं. बाहेर चाचणी करणार असाल तर प्रोफाइल देण्याचं आधी लेखी घ्या.

वेगही वाढवा. ५ सेंमी उंच इमारतीला १.५ मी/से वाऱ्यात रेनॉल्ड्स आकडा (मॉडेलभोवतीचा प्रवाह खऱ्यासारखा वागेल का ते सांगणारा) ५,००० च येतो; तो ११,००० च्या वर जायला ३.३ मी/से पेक्षा जास्त वेग लागेल. चिमणीतून निघणारा वेग वाऱ्याच्या दीडपटीखाली गेला, तर लोट चिमणीमागे खाली ओढला जातो.

अगरबत्तीचा धूर बघायला ठीक, मोजायला नाही. धुराऐवजी इथेन वायू सोडा आणि तो मोजायला एफआयडी (ज्योतीवर चालणारा वायूमापक) वापरा. इथेनची घनता हवेच्या जवळ आहे. पण तो ज्वलनशील, म्हणून एक्झॉस्ट खोलीबाहेर काढा. नाहीतर पार्श्वभूमीचं मापही चढत जातं.

आणि सूत्राशी तुलना फक्त पास्क्विलच्या डी वर्गाशी करा, म्हणजे उन्हाने हवा तापून वर उसळत नाही अशा तटस्थ हवेशी. साध्या टनेलमध्ये एप्रिलमधली सोलापूरची दुपार उतरत नाही.