चिंगीने डूख धरलाय का?

प्रश्न : आमची चिंगी, साधी देशी मांजर, 3 वर्षांची. सुकटीच्या डब्याचं झाकण नुसतं वाजलं तरी शेजाऱ्यांच्या गॅलरीतून उडी मारून यायची. प्रॉब्लेम एकच, डॉक्टरकडे न्यायची बास्केट माळ्यावरून खाली आली की ही गायब. मग मिस्टरांनी शक्कल लढवली, डबा वाजवायचा आणि आली की उचलून थेट बास्केटमध्ये. दोनदा जमलं. आता डबा वाजला की पलंगाखाली, रोजच्या सुकटीलाही येत नाही. सासूबाई म्हणतात मांजराने डूख धरलाय. खरंच असं असतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा डूखबिख काही नाही, चिंगीसाठी डब्याचा अर्थ बदललाय एवढंच, आणि तो मिस्टरांनी बदललाय.

पावलोव्हचा कुत्रा आपण सगळ्यांनी शाळाकॉलेजात कुठेतरी वाचलेला असतो. गंमत म्हणजे हा रशियन माणूस मनाबिनाचा अभ्यास करतच नव्हता, तो पचनाचा अभ्यास करत होता, 1904 चं नोबेलही त्याला त्याचसाठी मिळालं. पण कुत्र्यांची लाळ खाणं तोंडात पडायच्या आधीच गळायला लागायची, खाणं आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी. मग त्याने मुद्दाम मेट्रोनोमची (गाणंबजावणं करणारे ताल धरायला वापरतात ते यंत्र) टिकटिक ऐकवून लगेच खाणं द्यायला सुरुवात केली, आणि काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीवर लाळ. कुत्रा विचार करून लाळ गाळत नाही, शरीरच तयारीला लागतं. आमचा बोका दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीने कापल्याचा आवाज आला की बेडरूममधून येतो, एकदा मी नुसता कागद कापत होते तरी आला, वाटीत बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि जो काही चेहरा केला तो मी विसरणार नाही.

तर चिंगीसाठी डबा म्हणजे सुकट, हे शेकडो वेळा होऊन पक्कं झालेलं. मग तुम्ही दोनदा डब्यापाठोपाठ बास्केट, रिक्षा, इंजेक्शन दिलंत. खाण्याची ओळख पटायला वेळ लागतो पण भीती एकदोनदातच बसते, आणि का बसू नये, जिवाशी गाठ असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा तपासत बसणारं मांजर फार दिवस टिकलं नसतं.

आता उपाय. तो डबा तिच्यापुरता रिटायर करा. नवीन आवाज घ्या, वाटीवर चमचा वगैरे, आणि आधी आवाज, मग एकदोन सेकंदात खाणं, हा क्रम सोडू नका. त्या आवाजावर तिला पकडायचं नाही, एकदाही नाही, मिस्टरांनाही बजावून ठेवा. (सुकट खारट असते, चिमूटभरच द्या, उकडलेलं बिनमिठाचं चिकन बरं.)

बास्केट माळ्यावर ठेवू नका. वर्षातून दोनदा खाली येणारी वस्तू म्हणजे तिच्यासाठी वॉरंटच ना. हॉलच्या कोपऱ्यात दार काढून, आत तिची गोधडी टाकून कायमची पडू द्या आणि खाण्याची वाटी लांबून सुरू करून रोज थोडी थोडी जवळ सरकवा. हे काही मी शोधलेलं नाही, 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावर हेच केलं, तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणला. घाई केली तर भीती जायच्या ऐवजी खाण्यालाच चिकटेल, असंही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय, म्हणजे तुमच्या घरी झालं तेच. म्हणून ती खायची थांबली, कान मागे गेले की वाटी पुन्हा एक हात मागे घ्या.

आणि मध्येच आठवडाभर छान वागून एक दिवस परत पलंगाखाली गेली तर सगळं फुकट गेलं असं समजू नका, विझलेली सवय विश्रांतीनंतर पुन्हा डोकं वर काढते हे पावलोव्हलाही दिसलं होतं, दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करा.

तोपर्यंत इमर्जन्सी आलीच तर खोलीचं दार लावून घ्या, जाड टॉवेलात गुंडाळून उचला आणि ओरबाडे खा. चमच्याला मात्र त्या दिवशी हात लावू नका.