सर्टिफिकेट एकच, मग जर्मन आणि जपानी कस्टमर वेगळं का मागतात?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. आयएसओ ९००१ हे क्वालिटीचं सर्टिफिकेट घेतलंय, तरी जर्मन गाड्यांना पार्ट देणारा कस्टमर वेगळं ऑडिट मागतो, आणि जपानी कंपनीची माणसं आली की फाईल उघडायच्या आधी थेट मशीनपाशी जातात. नक्की कुणाचं ऐकू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: दोघांचंही ऐका दादा, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी तपासतायत. आयएसओ ९००१ (पहिली आवृत्ती १९८७ची) सांगते की तुमच्याकडे सिस्टिम असायला हवी, ती कशी चालवायची ते बरंचसं तुमच्यावर सोडते. जर्मन गाडीवाले व्हीडीए ६.३ने, म्हणजे तिथल्या वाहन उद्योगाच्या ऑडिट पद्धतीने, प्रत्येक प्रोसेसला मार्क देतात, त्यामुळे तिथे रेकॉर्ड नसेल तर काम झालंच नाही असं धरा.

जपानचं मला जास्त आवडतं, मनापासून सांगते. तिथे क्वालिटी मशीनवरच्या कामगाराच्या हातात असते असं मानतात, म्हणून ती माणसं आधी मशीनपाशी जातात. १९५० मध्ये डेमिंग हे क्वालिटीचे अमेरिकन तज्ज्ञ तिकडे शिकवायला गेले, पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं क्वालिटी प्राईज सुरू झालं, १९६२ पासून क्वालिटी सर्कल आली म्हणजे कामगारच एकत्र बसून प्रॉब्लेम सोडवायला लागले, आणि खुद्द अमेरिकेला बाल्ड्रिज या राष्ट्रीय क्वालिटी अवॉर्डचा कायदा करायला १९८७ उजाडलं! आपल्याकडेही हे जमतं बरं का, चेन्नईच्या सुंदरम क्लेटनने १९९८ मध्येच डेमिंग प्राईज घेतलं.

तुम्ही आधी ऑपरेटरला लाईन थांबवायची मोकळीक द्या, थांबवल्यावर त्याला कुणी ओरडायचं नाही, आणि का थांबवली ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. तेच रेकॉर्ड जर्मन ऑडिटलाही दाखवता येईल.